जर्मनीत जुन्या गाड्या आणि विमानं बघायला जाताय? सोमवारचं आधी ठरवा

श्टुटगार्टची मर्सिडीज आणि पोर्शे ही दोन्ही म्युझियम सोमवारी बंद असतात, त्यामुळे सोमवार तिथे घालवू नका, सरळ झिन्सहाइमला जा, ते टेक्निक म्युझियम वर्षाचे 365 दिवस उघडं असतं आणि ट्रेनचं स्टेशनही जवळच आहे. तिथे छतावर काँकॉर्ड आणि रशियन टुपोलेव्ह 144 ही आवाजापेक्षा वेगाने उडणारी दोन्ही जुनी प्रवासी विमानं उभी आहेत, आणि दोन्हींच्या आत जाता येतं! विमानं टेकऑफ घेतल्यासारखी नाक वर करून बसवलीत, म्हणजे आतली फ्लोअरही चढाचीच, त्यात वर जायचे जिने अरुंद, म्हणून ग्रिपवाले बूट घाला आणि जड बॅग खाली ठेवून जा. काँकॉर्डच्या त्या इवल्याशा खिडक्या जवळून बघाच, तळहाताएवढ्या आहेत.

वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी श्पायर गावातलं टेक्निक म्युझियम करा, तिथे जंबो जेट उंच खांबांवर चढवलंय आणि त्याच्या पंखावर चालता येतं, शिवाय सोव्हिएत बुरान या अंतराळ शटलचं टेस्ट मॉडेल पण आहे.

मर्सिडीजला किमान चार तास तरी ठेवा. लिफ्टने आधी सगळ्यात वर नेतात, 1886 ची ती तीनचाकी बेंझ वरच भेटते, मग उतरत उतरत काळ पुढे सरकतो. लोक वरच फोटोंत रमतात आणि खाली रेसिंगच्या गाड्यांपाशी पोचेपर्यंत बंद व्हायची वेळ होते, तेवढं सांभाळा.