नाओशिमा बेटावर बसने फिरताना

जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्रातील नाओशिमा हे कलासंग्रहालयांसाठी प्रसिद्ध असलेले छोटे बेट नगरपालिकेच्या बसने आरामात पाहता येते. मात्र दिवसाची आखणी बसच्या वेळेवरून नव्हे, तर परतीच्या बोटीच्या वेळेवरून उलट मोजत करावी. शिकोकू बेटावरील ताकामात्सु बंदरातून फेरीबोटीने सुमारे ५० मिनिटांत, तर होन्शू बेटावरील उनो बंदरातून सुमारे २० मिनिटांत नाओशिमाचे मियानोउरा बंदर येते. तिथून निघणारी बस होनमुरा या जुन्या वस्तीतून त्सुत्सुजिसो थांब्यापर्यंत जाते. यायोई कुसामा यांचे ‘पिवळा भोपळा’ हे प्रसिद्ध शिल्प तिथून जवळच आहे. पुढे चिचू या कलासंग्रहालयाकडे जाण्यासाठी याच थांब्यावर बस बदलून संग्रहालयांची मोफत बस घ्यावी लागते.

बस लहान असल्यामुळे मोठी बॅग सोबत न घेता बंदरावरच ठेवावी, आणि भाड्यासाठी सुटी नाणी हाताशी असू द्यावीत. बोट लागताच रांग वाढते. गाडी भरून गेली, तर मियानोउराहून होनमुरापर्यंत अर्ध्या-पाऊण तासात चालत जाता येते, आणि माझ्या मते हवा चांगली असेल तेव्हा तेच अधिक सुखाचे. सोमवारी बरीच संग्रहालये बंद असतात, तर चिचूसाठी वेळ आधीच आरक्षित करावी लागते. म्हणून बसचे वेळापत्रक त्यानंतरच जुळवावे.