इंजिन बदललं आणि टर्बो मारेना? या चुका टाळा

जुन्या बाजारातून इंजिन आणायचं, घाईघाईत बसवायचं आणि पहिल्याच चढाला गाडी दमली की 'टर्बो गेला' म्हणून मोकळं व्हायचं. या प्रकाराचा आता खरंच वैताग आलाय. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, सगळ्यात शेवटी तपासायचा. आधी संशय घ्यायचा तो आपण हात लावलेल्या प्रत्येक जोडावर.

माझा सगळ्यात जास्त राग व्हॅक्यूमच्या बारीक पाइपांवरून होणाऱ्या गोंधळावर आहे. डिझेल व्हीजीटी टर्बोच्या (आतली पाती हलवून हवेचा दाब कमीजास्त करणारा टर्बो) सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला, सहसा तीन तोंडं असतात: एक व्हॅक्यूम पंपाकडून येतं, दुसरं पाती हलवणाऱ्या ॲक्च्युएटरला जातं आणि तिसरं हवेला उघडं. एक गाडी आली ती दुसरा टर्बो घालूनच. खंबाटकी चढताना गिअर दुसऱ्याच्या वर जात नव्हता. स्कॅनरवर पी०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) कमी. आधीच्या गॅरेजने तेवढा कोड वाचून टर्बो बदलायला लावला होता! हातपंपाने व्हॅक्यूम दिला तर ॲक्च्युएटरचा रॉड छान ओढला जात होता. मग इंजिन चालू करून ॲक्च्युएटरला येणाऱ्या पाइपला गेज लावला, तर काटा शून्यावर. सोलेनॉइडवर पंपाचा पाइप आणि हवेचा पाइप यांची अदलाबदल झाली होती. दोन्ही आपापल्या जागी लावले आणि गाडी सुटली. मालकाचा चेहरा मात्र बघवत नव्हता, कारण काढलेला टर्बो केव्हाच भंगारात गेला होता.

म्हणून इंजिन उतरवण्याआधी मी प्रत्येक पाइपला मास्किंग टेप लावून नंबर टाकतो आणि मोबाइलवर फोटो काढतो. 'माझ्या लक्षात राहतं' म्हणणाऱ्या पोरांना मी पान्याला हात लावू देत नाही.

दुसरी चूक खरेदीतच होते. फियाटचं १.३ मल्टिजेट कितीतरी गाड्यांत आलं, म्हणून सगळी इंजिनं सारखीच असं लोक धरून चालतात. ७५ हॉर्सपॉवरवाल्याला साधा वेस्टगेटचा (जास्तीचा धूर बाजूने सोडणाऱ्या झडपेचा) टर्बो, ९० वाल्याला व्हीजीटी. गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि वायरिंग ७५ ची असेल तर व्हीजीटीला हुकूम देणार कोण? पैसे मोजण्याआधी टर्बोवरची पट्टी वाचा.

इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा भाग) होज आतून तेलकट असतील तर क्लॅम्प कितीही आवळा, बूस्ट आला की होज निसटणारच. पुसून कोरडे करा, मगच बसवा. धूळ जाऊ नये म्हणून इनटेकमध्ये कोंबलेलं फडकं आधी काढा. हसू नका, ते आत सापडतं. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय का तेही बघा.

स्कॅनरवर एमएपी (इनटेकमधला हवेचा दाब) १०० किलोपास्कल दिसला की 'बूस्ट येतोय' म्हणणारेही भेटतात. अहो, ती बाहेरची हवा आहे. इंजिन बंद असताना मुंबईत साधारण १००, पुण्यात ९५ च्या आसपास दिसणारच. त्याच्या वर किती चढतो ते गाडीवर लोड असताना बघा.

एवढं करूनही टर्बोच बदलावा लागला, तर टर्बोच्या ऑइल येण्याच्या तोंडात ताजं ऑइल ओता, इंजिन चालू न होऊ देता थोडा वेळ स्टार्टर फिरवा, मग चालू करून आयडलवर राहू द्या. लाखभर आरपीएमच्या वर फिरणारा शाफ्ट कोरडा फिरवलात तर तिसरा टर्बो आणायला जावं लागेल.