ट्रस्टचं नाट्यगृह आणि सिनेमा चालवताय? या चुका टाळा

तालुक्याच्या गावात लोकवर्गणीतून हॉल उभा राहतो. महिन्यातून दोन-तीन नाटकं होतात, मधल्या शनिवारी त्याच हॉलमध्ये सिनेमा दाखवतात, आणि काही वर्षांत दाराला कुलूप लागतं. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: लोक येत नाहीत, सगळे मोबाइलवर बघतात. अशा संस्थांच्या दप्तरात आणि प्रोजेक्टर रूममध्ये माझी बरीच वर्षं गेली आहेत. बंद पडलेल्या बहुतेक हॉलना प्रेक्षक होता. टाळली जात होती ती दोन कंटाळवाणी कामं. एक धर्मादाय कार्यालयाचे कागद आणि दुसरं खेळाआधीची चाचणी. म्हणून या दोन्हींबद्दल सविस्तर लिहितो, बाकीचं थोडक्यात.

चेंज रिपोर्ट 'नंतर बघू'

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलला, वारला किंवा त्याने राजीनामा दिला, तर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाचा अहवाल, द्यावा लागतो. हे ठाऊक नाही असा सचिव मला अजून भेटलेला नाही. तरी दहातल्या निम्म्या संस्थांत तो दिलेला नसतो. सांगायला गेलं की म्हणतात, "अहो, सगळी आपलीच माणसं आहेत, कोण हरकत घेणार?"

एका गावात हॉल मोठ्या हौसेने बांधलेला होता. रंगमंच खोल, विंगा ऐसपैस, मेकअप रूमला स्वतंत्र दार. दर तीन वर्षांनी सर्वसाधारण सभा व्हायची, नवं मंडळ यायचं, नारळ फुटायचा, पेपरात फोटो यायचा. चेंज रिपोर्ट मात्र एकाही मंडळाने दिला नव्हता. एका पावसाळ्यात डाव्या विंगेवरचा पत्रा उडाला. गावातून बाहेर जाऊन मोठा झालेला एक कारखानदार सगळ्या छपराचा खर्च द्यायला तयार झाला. त्याच्या सीएने एकच कागद मागितला: शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीचा, ताजा उतारा. उतारा आला, आणि त्यावरच्या सातपैकी पाच विश्वस्त केव्हाच वारलेले होते. उरलेल्या दोघांपैकी एक मुलाकडे परदेशात, दुसऱ्यांना अंथरुणातून उठता येत नव्हतं. जे मंडळ इतकी वर्षं हॉल चालवत होतं, त्यातल्या एकाचंही नाव सरकारदरबारी नव्हतं.

मग बँकेने सह्या बदलून द्यायला नकार दिला. बँकेचं काही चुकलं नाही. दरम्यान गावात दुसरा गट उभा राहिला आणि "खरे विश्वस्त आम्ही" म्हणत त्याने हरकत घेतली. विलंब माफीचा अर्ज करायचा तर मृत्यूचे दाखले, जुन्या सभांच्या नोटिसा, त्या पोचल्याचे पुरावे, सभांची इतिवृत्तं हे सगळं लागतं. इतिवृत्ताची वही मी स्वतः चाळली. कित्येक वर्षांच्या सभा एकाच पेनाने, एकाच हाताने, एका बैठकीत उतरवलेल्या होत्या. हजेरीच्या सह्यांमध्ये एक सही अशा माणसाची होती, जो त्या सभेच्या आदल्या वर्षी गेला होता. हरकत घेणाऱ्यांच्या वकिलाला आणखी काय हवं? देणगीदाराने वाट पाहिली आणि शेवटी पैसे एका शाळेला दिले. तोवर दोन पावसाळे रंगमंचावर गळले होते. प्लायवूड फुगून त्याला उंचवटे आले, आणि बाहेरगावच्या नाटक कंपन्यांनी तारखा देणं थांबवलं.

माझी पद्धत साधी आहे. निवडीच्या सभेला जाताना कोरे संमतीपत्र आणि प्रतिज्ञापत्राचे मसुदे बरोबर नेतो. नाव जाहीर झालं की संमतीपत्रावर सही, ओळखपत्राची झेरॉक्स जागेवर, त्यानंतर हार. सभेचं इतिवृत्त त्याच रात्री लिहून दुसऱ्या दिवशी अध्यक्षांची सही घेतो. सभेची नोटीस जिल्ह्याच्या दैनिकात किंवा टपालाने दिली असेल, तर कात्रण आणि टपालाच्या पावत्या इतिवृत्ताच्या पानालाच जोडतो. वकिलांकडे फाईल त्याच आठवड्यात जाते. यात घाई करणाऱ्यांची मला अडचण वाटत नाही. "९० दिवस आहेत ना" म्हणणाऱ्यांची वाटते, कारण त्यांच्या कॅलेंडरवर एकोणनव्वदावा दिवस कधी येतच नाही.

चावी आली म्हणजे सिनेमा लागेल असं नाही

दुसरी चूक पडद्यावरची. डिजिटल सिनेमाची डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात दाखवायची फाईल, कुलूपबंद असते आणि ती उघडणारी केडीएम, म्हणजे चावी, ईमेलने येते. ती चावी एका ठरावीक सर्व्हरसाठी, म्हणजे चित्रपट चालवणाऱ्या मशीनसाठी, बनवलेली असते आणि ठरावीक वेळेतच चालते. या दोन गोष्टी न समजता लोक हॉल भरवून बसतात.

एका संस्थेने मराठी चित्रपटाचा खेळ ठेवला होता. पैसे गावातल्या वाचनालयासाठी, तिकिटं आधीच संपलेली. प्रोजेक्टर आणि सर्व्हर भाड्याचा. बुकिंग करताना पुरवठादाराने दिलेला सर्व्हर नंबर वितरकाला कळवला होता आणि चावी वेळेवर आली होती. मात्र दोन दिवस आधी पुरवठादाराचा तो सर्व्हर बिघडला, म्हणून त्याने दुसरा पाठवला. चांगल्या मनाने पाठवला, पण कळवलं नाही. मी पाहुणा म्हणून गेलो होतो. सहाचा खेळ, साडेपाचला पहिल्यांदा मशीन सुरू झालं. चित्रपटाच्या नावापुढे कुलपाचं चिन्ह, आणि चावी टाकली की सर्व्हर ती नाकारतोय. वितरकाचं ऑफिस शनिवारी संध्याकाळी बंद. बाहेर आज्या, लेकरं, शाळेचे मास्तर, सगळे रांगेत.

तिथल्या एका उत्साही मुलाने उपाय काढला, "माझ्या ओटीटीवर आहे, लॅपटॉप लावू." आणि लावलाही. घरगुती सदस्यत्वावरून तिकीट लावून जाहीर खेळ करणं सरळ सरळ बेकायदेशीर. त्यात गावचं इंटरनेट. पहिल्या गाण्यालाच चित्र थांबलं, मग परत थांबलं. मध्यंतराआधी पैसे परत करायची वेळ आली. काही लोकांनी पैसे घेतले नाहीत, वाचनालयाला राहू द्या म्हणाले. त्या लोकांसमोर मला फार लाज वाटली, कारण आपण त्यांना धड चित्रपट दाखवू शकलो नव्हतो. पुढच्या खेळाला निम्मा हॉल रिकामा होता.

यावर माझ्या ठरलेल्या सवयी आहेत. सर्व्हर भाड्याचा असो की स्वतःचा, त्याच्या पाटीवरच्या सीरियल नंबरचा फोटो बुकिंगच्या पत्राला जोडतो. मशीन हॉलवर उतरलं की तो नंबर पुन्हा ताडून पाहतो. चावीची वेळ खेळाच्या दिवसापासून न मागता आदल्या दिवसापासून मागतो. वितरक बहुतेक वेळा देतात, विचारायचं कष्ट कोणी घेत नाही. चावी आल्यावर तिच्यातली वेळ भारतीय वेळेत वाचा. ती जागतिक वेळेत लिहिलेली असली, तर साडेपाच तासांचा फरक पडतो, आणि रात्री बारापासून चालेल वाटलेली चावी पहाटे साडेपाचला चालू होते. आदल्या रात्री चाचणी ठेवली असेल तर ती तिथेच बारगळते.

चाचणी म्हणजे सुरुवातीचं प्रमाणपत्र पाहून "लागलं, लागलं" म्हणणं नव्हे. पहिली पाच मिनिटं, मध्यंतराच्या आसपासची पाच आणि शेवटची पाच बघा. चौकट तपासा. चित्रपट फ्लॅट किंवा त्याहून रुंद स्कोप अशा दोन चौकटींत येतो: टूके दर्जाच्या चित्रात फ्लॅट १९९८ बाय १०८० पिक्सेल असतं आणि स्कोप २०४८ बाय ८५८. चुकीची निवडली की कुणाचं कपाळ कापलं जातं, नाहीतर कलाकार लांबुडके दिसतात. आणि आवाज ऐकायला बूथमध्ये नका थांबू. शेवटच्या रांगेच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐका. तिथे बसणाऱ्याने पहिल्या रांगेतल्याइतकेच पैसे दिलेले असतात. नवी मुलं मला म्हणतात, "सर, प्ले दाबलं की झालं." ज्याने भरल्या हॉलमध्ये काळा पडदा पाहिलाय, तो असं बोलत नाही.

फुकट्यांना रोखायला दाराला कुलूप

आपत्कालीन दरवाजा आतून सहज उघडलाच पाहिजे. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातल्या आगीत ५९ माणसं गेली, बहुतेक धुराने गुदमरून. बाहेर पडायची वाट जादा खुर्च्यांनी अडली होती. कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली, तेव्हा आत प्रयोग नव्हता, हे नशीब. रंगमंचावर कापड, लाकूड, रंग आणि तापलेले हॅलोजन एकत्र असतात. तरी मी अजून असे हॉल बघतो जिथे बाजूच्या दाराला साखळी आहे, कारण "तिथून पोरं फुकट घुसतात". घुसू द्या. दारावर एक स्वयंसेवक बसवा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. ते कागदापुरतं घेऊ नका, त्या दिवशी पाइपमधून खरोखर पाणी येतं का ते बघा.

'आम्ही धर्मादाय आहोत, आम्हाला कशाला परवानगी?'

हे वाक्य ऐकलं की मी चर्चा थांबवतो आणि कायदा सांगतो. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ मध्ये हौशी संस्थांना सवलत आहे, पण ती तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला. तिकीट लावलंत, मग पैसे अनाथाश्रमाला का जाईनात, लेखकाची परवानगी आणि मानधन द्यावंच लागेल. लेखक बहुतेकदा हौशी संस्थेला कमी मानधनात देतात. फक्त आधी विचारलेलं असावं, प्रयोग झाल्यावर फेसबुकवर कळू नये. नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का, हेही बघा. सिनेमा फुकट दाखवला तरी जाहीर खेळ हा जाहीर खेळच, त्याला हक्कदाराची परवानगी आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. जुन्या चित्रपटांचा आधार घ्यायचा असेल तर साठ वर्षांचा हिशेब नीट करा. १९६४ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचा हक्क २०२४ च्या अखेरीस संपला. त्यातल्या गाण्यांचे आणि कथेचे हक्क मात्र लेखक-संगीतकाराच्या निधनापासून मोजतात, ते वेगळे तपासा.

पासांचा सुळसुळाट

पहिल्या तीन रांगा मानकऱ्यांना. मानकरी येतात उशिरा, उठतात मध्यंतराला, आणि पूर्ण तिकीट काढलेली बाई सहाव्या रांगेतून मान उंच करून बघते. नाटक कंपनीची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, पासातून निघत नाही, तिकिटातून निघते. माझं मत पक्कं आहे: विश्वस्तांनी आपलं तिकीट स्वतः काढावं, प्लॅन उघडताना, म्हणजे तिकीटविक्री सुरू होताना, रांगेत उभं राहून काढावं. एकदा अध्यक्ष रांगेत उभे दिसले की नगरसेवकाचा फोन येणं आपोआप कमी होतं.

बाकीच्या चुका

आधी प्रोजेक्टर, मग आवाज. उलटं करा. गुळगुळीत भिंती आणि सिमेंटचं छत असलेल्या हॉलमध्ये नाटकातलं वाक्य अर्धं हवेतच विरतं. रंगमंचावर उभं राहून एक टाळी वाजवा. तिचा आवाज रेंगाळला तर पहिला पैसा जाड पडद्यांवर आणि भिंतींच्या पॅनेलवर खर्च करा.

फॉग मशीनवालं नाटक आणि दुसऱ्या दिवशी सिनेमा एकत्र ठेवू नका. ठेवलाच तर मधे प्रोजेक्शन खिडकीची काच आणि पडदा तपासा, त्यांवर चिकट थर बसतो.

दोन हजारांपेक्षा जास्त देणगी रोख घेऊ नका. देणगीदाराला प्राप्तिकरातली देणगीची सवलत मिळणार नाही, आणि नंतर तोंड तुम्हाला द्यावं लागेल. इमारत निधी म्हणून आलेले पैसे लाइट बिलात भरू नका. देणारा "कॉर्पस", म्हणजे कायम राखून ठेवायचा निधी, म्हणत असेल तर तसं लेखी घ्या.

पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, सिनेमाच्या तिकिटाला ही सूट नाही. एकाच हॉलचे दोन हिशेब ठेवा. हॉल लग्नाला देत असाल तर व्यावसायिक जमा एकूण जमेच्या वीस टक्क्यांच्या वर जातेय का, हे वर्षाच्या मध्यातच सीएकडून बघून घ्या. मार्चमध्ये काही करता येत नाही.

कँटीन किंवा अख्खा हॉल तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने ठेकेदाराला देऊ नका. कलम ३६ नुसार त्याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. "अकरा महिन्यांचा करार, दरवर्षी आपोआप वाढणारा" असली युक्ती सुचवणाऱ्या माणसाला खजिनदार करू नका.

आणि सगळ्या चाव्या एकाच अण्णांकडे नकोत. जो माणूस मीटर रूम, दिवे कमी-जास्त करणारा डिमर आणि बुकिंग सगळं एकटा बघतो, तो आजारी पडला की हॉल आजारी पडतो. प्रत्येक कामाला जोडी ठेवा आणि त्या जोडीने महिन्यातून एक खेळ अण्णांशिवाय पार पाडावा. अण्णांनी त्या दिवशी तिकीट काढून प्रेक्षकांत बसावं. जोडी जमत नसेल तर खेळांची संख्या कमी करा, पण एकट्या माणसाच्या जिवावर शनिवार-रविवार लावू नका.