बाहेरच्या देशात आपली डिग्री मान्य करून घ्यायची तर कसं करायचं

शिक्षण झालंय एका देशात आणि शिकायला, नोकरीला किंवा कायमचं राहायला जायचंय दुसऱ्या देशात, मग तिथले लोक विचारणारच की ही डिग्री आमच्याकडे कशाच्या बरोबरीची धरायची. इथे बरेच जण एकच चूक करतात, सर्च केल्यावर डिग्री तपासून रिपोर्ट देणारी जी एजन्सी पहिली दिसेल तिला पैसे भरून मोकळे होतात आणि रिपोर्ट हातात आल्यावर कळतं की ज्याला दाखवायचा होता त्याला हा चालतच नाही.

म्हणून सगळ्यात आधी ठरवा की कागद नक्की कोणाला दाखवायचाय. युनिव्हर्सिटीत अॅडमिशन घ्यायची असेल तर बऱ्याच ठिकाणी युनिव्हर्सिटी स्वतःच डिग्री तपासते, वेगळा रिपोर्ट लागतच नाही, तर आधी अॅडमिशन ऑफिसला एक मेल टाका. साध्या, म्हणजे लायसन्स न लागणाऱ्या नोकरीत मानायचं की नाही हे कंपनीच्या हातात असतं. इमिग्रेशनसाठी कॅनडा, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत फक्त सरकारने नेमलेल्या संस्थेचाच रिपोर्ट चालतो. आणि डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, शिक्षक, वकील असल्या लायसन्सवाल्या कामांत तर शेवटचा शब्द लायसन्स देणाऱ्या बोर्डाचा, तुमची डिग्री समकक्ष आहे असं दुसऱ्या कोणीही कितीही छान लेटरहेडवर लिहून दिलं तरी त्याने प्रॅक्टिस करता येत नाही. डिग्री समकक्ष ठरणं वेगळं आणि काम करायची परवानगी मिळणं वेगळं, हे डोक्यात पक्कं बसवून घ्या, अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

आता देशाप्रमाणे रस्ता बदलतो. अमेरिकेत केंद्र सरकार परदेशी डिग्री तपासत नाही, हे काम खासगी संस्था करतात, त्यातल्या बऱ्याच १९८७ मध्ये सुरू झालेल्या नेसेस या संघटनेच्या सभासद आहेत आणि खूप युनिव्हर्सिटी, बोर्ड याच सभासदांचा रिपोर्ट मागतात. तिथे 'डॉक्युमेंट बाय डॉक्युमेंट' आणि 'कोर्स बाय कोर्स' असे दोन प्रकार मिळतात. पहिल्यात फक्त डिग्री कशाच्या बरोबरीची एवढंच, दुसऱ्यात प्रत्येक विषयाचे क्रेडिट, ग्रेड आणि जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची सरासरी. पुढे शिकायचं असेल किंवा लायसन्स काढायचं असेल तर बहुतेक वेळा दुसराच लागतो, स्वस्त म्हणून पहिला घेतला की पुन्हा खिशात हात.

कॅनडात एक्सप्रेस एंट्रीसाठी, म्हणजे पॉइंटवर चालणाऱ्या तिथल्या इमिग्रेशनसाठी, ईसीए म्हणजे डिग्री तपासणीचा रिपोर्ट लागतो, तो डब्ल्यूईएस, आयकॅस, आयक्यूएएस वगैरे ठरलेल्या संस्थांकडूनच, डॉक्टरांसाठी मेडिकल कौन्सिल ऑफ कॅनडा आणि फार्मासिस्टसाठी त्यांचं वेगळं बोर्ड. हा रिपोर्ट पाच वर्षं चालतो, त्यामुळे फार आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही. मास्टर्स झालेलं असेल तर साधारणपणे त्याचाच रिपोर्ट पुरतो, पण 'दोन किंवा जास्त पदव्या' या खात्यात पॉइंट मागायचे असतील तर दोन्हींचा काढावा लागतो.

जर्मनीला जाणाऱ्यांनी पैसे भरायच्या आधी अनाबिन हा फुकट डेटाबेस उघडावा. तिथे संस्थेसमोर एच प्लस असेल तर संस्था मान्य, एच मायनस म्हणजे नाही, आणि दोन्ही चिन्हं एकत्र असतील तर प्रकरण बघून ठरवतात. पण नुसतं कॉलेजसमोर एच प्लस दिसलं म्हणून उड्या मारू नका, तुमची डिग्रीसुद्धा त्यात वेगळी शोधायची असते. नाही सापडली तर परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या झेडएबी नावाच्या सरकारी कार्यालयाकडून ती कशाच्या बरोबरीची हे सांगणारं स्टेटमेंट मागवायचं. युरोपातल्या बाकी देशांत एनिक-नारिक या डिग्री मान्यतेची माहिती देणाऱ्या नेटवर्कचं केंद्र शोधा, ब्रिटनमध्ये यूके एनिक आहे. ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसासाठी मात्र तुमच्या व्यवसायाप्रमाणे संस्था ठरते, इंजिनिअरला इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया, आयटीवाल्याला एसीएस, म्हणजे ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी.

तपासणारा बघतो काय? कॉलेजचं नाव किती मोठं याच्याशी त्याला फारसं घेणंदेणं नसतं. तुम्ही शिकत होता तेव्हा ती संस्था स्वतःच्या देशात मान्यताप्राप्त होती का, कोर्सला प्रवेश कशावर मिळायचा, किती वर्षांचा होता, आणि त्या डिग्रीवर तिथे पुढे काय शिकता येतं, हे मुख्य प्रश्न. मान्यताच नसेल तर बाकी सगळं व्यर्थ, म्हणून ते स्वतः आधी चेक करा.

कागदपत्रांचा टप्पा सगळ्यात जास्त वेळ खातो, पैसे भरायच्या आधीच याला लागा. डिग्री सर्टिफिकेट तुम्ही देऊ शकता, पण ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या मार्कांचा अधिकृत उतारा, बहुतेक संस्थांना थेट युनिव्हर्सिटीकडून हवी असते, ऑनलाइन किंवा सीलबंद पाकिटात, पाकीट जिथे चिकटवलंय तिथे शिक्का आणि सही आडवी आलेली हवी. असं पाकीट हातात आलं की कुतूहल म्हणून सुद्धा फोडायचं नाही, फोडलं की ते बाद. अर्ज केल्यावर मिळालेला रेफरन्स नंबर पाकिटावर लिहायला सांगा, नाहीतर ते तिकडे पोचूनही बेवारस पडून राहतं. नाव सगळ्या कागदांवर एकच हवं, लग्नानंतर बदललेलं किंवा मार्कशीटवर स्पेलिंग वेगळं असेल तर त्याचा पुरावा सोबत जोडा. भाषांतर लागत असेल तर अधिकृत भाषांतरकाराकडूनच. अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, प्रत्येक ठिकाणी लागत नाही, यादीत मागितलं असेल तरच करा.

रिपोर्ट आला की नीट वाचा, नुसता शेवटचा शब्द बघू नका. तीन वर्षांच्या डिग्रीसमोर 'बॅचलर्स, तीन वर्षं' असं लिहिलेलं असू शकतं, त्याने कॅनडात पॉइंट मिळतील पण चार वर्षांची डिग्री मागणाऱ्या मास्टर्सला ते पुरेलच असं नाही. मार्कांचं रूपांतर पण समजून घ्या. जर्मनीत बव्हेरियन फॉर्म्युला वापरतात: जास्तीत जास्त शक्य मार्कांतून तुमचे मार्क वजा, त्याला जास्तीत जास्त आणि पासिंग यांच्यातल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. शंभरपैकी सत्तर मिळाले आणि पासिंग चाळीसला असेल तर येतात २.५. आकडा बघून घाबरू नका, तिथे १ सगळ्यात चांगला आणि ४ म्हणजे काठावर पास.

आणि निकाल पटला नाही तर? आधी लेखी कारण मागा. डिग्री मान्यतेबद्दलच्या, मुख्यतः युरोपातल्या देशांच्या १९९७ च्या लिस्बन करारात असं आहे की करारातल्या दुसऱ्या देशाची डिग्री नाकारायची असेल तर महत्त्वाचा फरक आहे हे तपासणाऱ्यानेच दाखवायचं, नुसतं 'आमच्यासारखी नाही' म्हणून चालत नाही, आणि अपील करायचा हक्क आहे. याच धर्तीवर युनेस्कोचा जागतिक करार २०१९ मध्ये मंजूर झाला आणि २०२३ पासून लागू आहे, तुमचे दोन्ही देश त्यात आहेत का ते बघून ठेवा. अपिलात तक्रारीचा सूर लावण्यापेक्षा कागद जोडा: विषयवार सिलॅबस, प्रॅक्टिकलचे तास, प्रोजेक्ट, इंटर्नशिपचं पत्र. लायसन्सच्या कामांत बऱ्याचदा पूर्ण नकार येत नाही, अर्धी मान्यता येते आणि सोबत काय कमी पडतंय त्याची यादी. जर्मनीत नर्सला अशा वेळी अॅडॅप्टेशन कोर्स किंवा नॉलेज टेस्ट यातला एक पर्याय निवडता येतो. ती यादी घेऊनच हॉस्पिटलांकडे अर्ज करा, तिथली बरीच हॉस्पिटलं कमी पडलेला भाग स्वतःकडेच करून घेतात आणि त्या काळात पगारही देतात.