बॅरन ‘आला’ की बॅरन ‘आले’? खेळ संपल्यावर मराठीत कसं लिहावं

आधीच सांगून ठेवतो, ‘द विचर ३’ आणि ‘बाल्डर्स गेट ३’ या दोन्ही व्हिडिओ गेमची गोष्ट इथं उघडी पडणार आहे. खेळायचे राहिले असतील तर खेळून मग वाचा.

मला ही पद्धत करंट गेल्यामुळं सापडली. बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत मी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवतो. दुसरी पाळी संपवून अनगोळला घरी यायचं, जेवायचं आणि तासभर ‘विचर’ खेळायचं, असा तो पावसाळा चालला होता. एका रात्री क्रोज पर्चच्या गढीत शिरलो तर अंगणातल्या झाडाला गढीचा मालक, बॅरन, लटकलेला. मी स्क्रीनकडं बघतच राहिलो आणि तेवढ्यात करंट गेला. मोबाइलही बंद पडलेला. तो चालू असता तर लोक काय म्हणतात ते मी लगेच शोधत बसलो असतो. तसं करता येईना, म्हणून मेणबत्ती लावली आणि खिशातल्या जॉब कार्डाच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागलो. आतून आईनं विचारलं, “काय लिहालास रे अंधारात?” काय सांगणार? जो माणूस कधी नव्हताच, त्याच्या मरणाबद्दल लिहीत होतो.

तेव्हापासून पहिली गोष्ट हीच ठरली. मनाला लागणारा प्रसंग आला की खेळ थांबवायचा आणि दुसऱ्या कुणाचंही मत ऐकायच्या आधी आपलं पान लिहायचं. दुसऱ्याचं एक चांगलं वाक्य कानावर पडलं की तेच आपलं वाटायला लागतं. आणि हात आखडू नका, भरपूर लिहा. आम्ही पॅटर्न मापापेक्षा थोडा मोठा ठेवतो, कारण ओतलेलं बीड थंड होताना आक्रसतं. मनातलंही तसंच आक्रसतं, सकाळी त्यातलं निम्मं उरत नाही.

पानाची सुरुवात मात्र “मला वाईट वाटलं” अशी करू नका. आधी आपण काय केलं ते लिहा. कथा-कादंबरीत आपण वाचणारे असतो, या खेळांत करणारेही आपणच. बॅरनची गोष्ट बघा. आपण ज्याच्या रूपात खेळतो तो राक्षसमाऱ्या गेराल्ट, मुलीसारख्या वाढवलेल्या सिरीला शोधत वेलन या मुलखात येतो. बॅरन म्हणतो, माझी बायको अ‍ॅना आणि मुलगी टमारा बेपत्ता आहेत, त्यांना शोधून दे, मग सिरीचं सांगतो. पुढं एका टेकडीच्या पोटात, झाडाच्या मुळांत अडकलेला आत्मा भेटतो. त्याला सोडलं तर दलदलीतली अनाथ मुलं वाचतात, पण अ‍ॅना चेटकिणींच्या शापानं मरते आणि बॅरन गळफास घेतो. त्याला मारलं तर अ‍ॅना जगते, पण भान हरपलेली, आणि मुलं जातात. म्हणजे माझ्या पानाची पहिली ओळ “बॅरननं आत्महत्या केली” ही नव्हे. ती अशी: “मी आत्म्याला सोडलं, कारण मला मुलं वाचवायची होती, आणि अ‍ॅनाचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.” ही ओळ लिहायला मला अर्धा तास लागला. पण ती लिहिल्यावर पुढचं पान आपोआप खरं व्हायला लागलं.

लहान निवडीही टिपून ठेवा. गेराल्टचा म्हातारा गुरू वेसेमिर गेल्यावर सिरी खचून बसलेली असते. तेव्हा तिच्याबरोबर बर्फाचे गोळे फेकत खेळायचं की तिला दारू पाजून समजूत काढायची, हे आपण निवडतो. तेव्हा ते साधं बोलणं वाटतं, पण अशाच मोजक्या क्षणांवर शेवटी सिरीचं काय होतं ते ठरतं. “शेवट वाईट लागला” म्हणणाऱ्यांना विचारा, त्या दिवशी तुम्ही काय केलंत? बहुतेकांना आठवत नाही.

आता दुसरी पायरी. ही मी माझ्या मामेबहिणीकडून शिकलो. ती निपाणीजवळ शाळेत शिकवते, मी तिला अक्का म्हणतो. दिवाळीच्या सुट्टीत आली आणि तिनंही माझ्याच मशीनवर वेलनचा भाग खेळून काढला. मी माझ्या पानावर बॅरनला माफ करून टाकलं होतं. दारू प्यायचा, बायकोला मारायचा, पण पस्तावला, रडला, पोटातच गेलेल्या दुसऱ्या मुलीला हातांवर घेऊन चालला, असं सगळं मी लिहिलं होतं. अक्कानं ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, “तो पस्तावला हे तू कुणाच्या तोंडून ऐकलंस? त्याच्याच ना? अ‍ॅनाच्या तोंडून काय ऐकलंस?”

मी गप्प झालो. त्यांच्या संसाराची हकिकत आपल्याला बहुतेक बॅरनच सांगतो. कधी लपवून, कधी पकडला गेल्यावर. अ‍ॅना भेटते तेव्हा ती स्वतःच्या भानावर नसते. तेव्हापासून प्रत्येक पात्राखाली मी एक रेघ मारतो आणि “हे मला कुणी सांगितलं?” याचं उत्तर लिहितो. तुम्हीही लिहा. निम्मी मतं तिथंच बदलतात. आणि मित्रांशी वाद झाला तर “तू चुकतोस” म्हणण्याआधी, त्यानं ते कुणाकडून ऐकलं आणि त्या वेळी काय निवडलं, एवढं विचारा. त्याच्या मशीनवर घडलेली गोष्ट वेगळीही असू शकते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती मराठीत लिहिल्याशिवाय कळत नाही. इंग्रजीत गेराल्ट शेतकऱ्याशी, बॅरनशी आणि प्रेयसी येनेफरशी एकाच सर्वनामानं बोलतो. मराठीत तुम्हाला ठरवावं लागतं. अक्काचं आणि माझं पान शेजारी ठेवलं तेव्हा दिसलं, की तिनं पहिल्या ओळीपासून “बॅरन आला” लिहिलं होतं आणि मी “बॅरन आले”. मी ते ठरवून लिहिलेलंच नव्हतं. गढीचा मालक, मोठा माणूस, म्हणून हातानं आपोआप मान दिला. माफी मी तिथंच देऊन बसलो होतो.

म्हणून लिहिण्याआधी मुद्दाम ठरवा, कोण कुणाला ‘तू’ म्हणेल आणि कोण ‘तुम्ही’. बॅरन गेराल्टला पहिल्यापासून ‘तू’ म्हणेल, याबद्दल मला शंका नाही. गेराल्ट ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी येईल? माझ्या मते मेलेल्या मुलीच्या रात्री. सम्राट एमहिरपुढं जाताना दरबारी माणूस गेराल्टला वाकायला शिकवतो, आणि वाकायचं की नाही हे आपल्या हातात असतं. जो वाकतो त्याचा गेराल्ट ‘आपण’ म्हणेल, न वाकणाऱ्याचा ‘तुम्ही’. सिरीवर तर आमचा एक अख्खा रविवार गेला. आम्ही अप्पांना ‘तुम्ही’च म्हणत आलो, तर माझी पुतणी तिच्या बाबांना ‘तू’ म्हणते. ती म्हणाली, सिरी गेराल्टला ‘तू’च म्हणणार, तो तिला तलवार शिकवतो, ओरडत नाही. माझ्याबरोबर काम करणारा गोकाकचा कन्नड मित्र तिथंच बसला होता. तो म्हणाला, आमच्याकडंही हेच, ‘नीनु’ की ‘नीवु’ ठरल्याशिवाय वाक्य पुढं सरकत नाही. शेवटी पुतणीचंच ठरलं.

शब्दांचं मात्र फार अवघड करू नका. ‘क्वेस्ट’, ‘सेव्ह’, ‘लेव्हल’ तसेच राहू द्या. पण एखाद्या गोष्टीला आपल्याकडं जागा असेल तर ती शोधा. बॅरनचं ते नाव न ठेवता पुरलेलं मूल रात्री भुतासारखं उठतं. बॅरन त्याला ‘डीआ’ असं नाव देतो, उंबऱ्याखाली पुरतो आणि मग ते घराची राखण करणारं होतं. मी खेळत असताना येळ्ळूरची आजी मागं बसली होती. तिला इंग्रजीचं एक अक्षर कळत नाही. मी थोडक्यात सांगितलं, तर ती लगेच म्हणाली, “बारसं न्हाई केलं म्हणून फिरालंय व्हय ते पोर?” याहून चांगलं मला लिहिता आलेलं नाही. वहीत तेच वाक्य आहे, आजीच्या नावानं.

तक्रार लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. मला दुःख झालं हे एक, लिखाण तोकडं पडलं हे दुसरं. खानापूरच्या मावसभावानं ‘बाल्डर्स गेट ३’ संपवून एकच ओळ लिहिली होती, “कार्लाकचा शेवट फालतू.” कार्लाक या खेळातल्या सोबतिणीच्या छातीत हृदयाच्या जागी नरकातलं इंजिन बसवलेलं असतं. अ‍ॅव्हर्नस हा नरक सोडून ती फार दिवस जगू शकत नाही. मी त्याला म्हटलं, ती मरते ही तक्रार आहे की तिचं मरण घाईनं उरकलं ही? त्यानं परत लिहिलं, “ती गेल्यावर आम्ही कुणी तिच्याबद्दल बोललोच नाही.” आता याचं काहीतरी करता येतं. खरंच तसं झालंही. खेळ ३ ऑगस्ट २०२३ ला आला, कार्लाकचा शेवट तोकडा वाटतो असं खूप खेळाडूंनी सांगितलं, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस खेळ बनवणाऱ्या लॅरियननं तिच्या शेवटात भर घातली. ३० नोव्हेंबरला आलेल्या पाचव्या पॅचमध्ये, म्हणजे खेळाच्या सुधारणेत, तर सहा महिन्यांनंतर सगळे सोबती पुन्हा जमतात, असा अख्खा प्रसंगच आला. “फालतू” एवढ्यावरून कुणाला काही दुरुस्त करता आलं नसतं. आणि पात्राचा राग आवाज देणाऱ्या कलाकारावर काढू नका, ते मला बघवत नाही.

लिहून झालं की मोठ्यानं वाचा, शक्यतो कुणाला तरी वाचून दाखवा. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांत मांडवात बसून कथाकथन ऐकत मी मोठा झालो. कुठलं वाक्य पोकळ आहे ते कानाला आधी कळतं.

वही दोनशे पानी घ्या. डाव्या पानावर लिहा, उजवं कोरं ठेवा. दुसऱ्यांदा खेळाल तेव्हा ते लागतं. मी या उन्हाळ्यात परत वेलनमध्ये गेलो आणि टेकडीतल्या आत्म्याला मारलं. मुलं गेली. त्यांच्याबद्दल लिहायला हात धजेना, तेवढी जागा सोडून दिली. खाली लिहिलं, बॅरन अ‍ॅनाला घेऊन निळ्या डोंगरांकडं वैद्याच्या शोधात निघाला. ‘निघाले’ लिहिलं नाही.