लॅपटॉपला वायफाय कमी येते? रिपीटर घ्यायच्या आधी या चुका पाहा

एप्रिल लागला की ओळखीपाळखीतल्या लोकांचे मला फोन सुरू होतात, भाऊ मोबाइलवर नेट येते पण लॅपटॉपवर एकच कांडी दाखवून राहिलं. आणि फोन करायच्या आधीच अर्ध्यांनी रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे फेकणारा डबा, ऑर्डर करून ठेवलेला असतो. राजेहो, बिघाड राउटरमध्ये आहे की लॅपटॉपमध्ये की मधल्या भिंतीत हे पाहायच्या आधीच पैसे काढायची घाई काहून?

नागपुरातली एक नंबरची चूक म्हणजे कूलर. फायबरवाला पोरगा गॅलरीतून वायर आणतो, त्याला पुढच्या घरी जायची घाई असते, तिथेच खिडकीपाशी दोन खिळे ठोकून राउटर टांगून जातो. हिवाळाभर सगळं बरं चालते. मग उन्हाळ्यात नेमका त्याच खिडकीत लोखंडी पत्र्याचा कूलर येऊन बसतो, खाली टाकीभर पाणी, तीन बाजूंनी ओल्या ताट्या. पत्रा सिग्नल आत येऊ देत नाही, उरलासुरला पाणी शोषून घेते, आणि लोक म्हणतात कंपनीनं स्पीड कमी केला. वरून गॅलरीतली गरमी. बहुतेक घरगुती राउटर ४० डिग्रीपर्यंतच्या हवेत चालायला बनवलेले असतात, आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४५ होते, मग दुपारी तो अडखळणारच ना. राउटर हॉलच्या मधल्या भिंतीवर घ्या, डोक्याच्या वर, कूलर-फ्रिज-गोदरेजच्या कपाटापासून दूर. दहा मीटर जास्तीची वायर लागते एवढंच, पण "वायर दिसते हो, बरं नाही दिसत" म्हणून लोक वर्षभर कुरकुरतात. महालातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतीत तर हे करूनही दुसऱ्या खोलीत कमीच येईल, तिथे राउटरला दोष देऊ नका.

दुसरी चूक लॅपटॉप उघडणाऱ्यांची, आणि यावर मी जरा जास्तच बोलतो. आमच्या शेजारच्या काकूंच्या मुलीनं सीताबर्डीवरच्या एका दुकानात लॅपटॉपमध्ये एसएसडी (वेगवान डिस्क) टाकून घेतली. घरी आल्यावर राउटरच्या बाजूला बसलं की नेट मस्त, बेडरूममध्ये गेलं की गायब. दुकानवाला म्हणे ड्रायव्हरचा (वायफाय कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) प्रॉब्लेम आहे, ड्रायव्हर टाकला, मग विंडोज नव्यानं टाकली, तिचा अर्धा डेटा त्यात गेला, मग काकांनी राउटर बदलला आणि शेवटी कनेक्शनच बदलायला निघाले. मी तिच्याच टेबलावर माझा लॅपटॉप ठेवून पाहिला, चांगला चालला, म्हणजे घर आणि राउटर दोन्ही सुटले. मागचं झाकण उघडलं तर वायफाय कार्डाची एक वायर निघून पंख्याजवळ लोंबत होती आणि दुसरी अर्धीच बसलेली. लॅपटॉपचे ॲन्टेना बहुधा स्क्रीनच्या कडेला असतात, तिथून काळी आणि पांढरी अशा दोन वायरा बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात, आणि त्यांचं टोक मोहरीच्या दाण्याएवढं असते. ती वायर निघाली तरी कार्ड नेटवर्क दाखवत राहते, फक्त जवळचंच, म्हणून कोणाला शंका येत नाही. बॅटरीचं कनेक्शन काढून ते टोक सरळ वरून दाबायचं, टच् असा आवाज येते. तिरपं दाबलं तर तुटते, आणि हे टोक साधारण ३० वेळा काढ-घाल करण्यापुरतंच बनवलेलं असते, त्यामुळे "उघडून पाहू काय होते" वाल्यांनी हात लावूच नये. दुकानातून लॅपटॉप आणताना काउंटरपासून लांब जाऊन मोबाइलच्या हॉटस्पॉटवर वायफाय तपासून घ्यायचं, तेव्हाच, घरी येऊन नाही.

माझी सवय एकच आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर, म्हणजे त्या काळ्या स्क्रीनवर, netsh wlan show interfaces ही कमांड टाकतो, त्यात सिग्नल टक्क्यांत दिसते, चॅनल पण दिसते. आधी राउटरजवळ, मग नेहमीच्या जागी. राउटरच्या बाजूलाही पन्नास टक्केच दाखवत असेल तर पहिला संशय लॅपटॉपवर घ्या. जवळ नव्वदच्या वर आणि खोलीत तीस असेल तर त्याच जागी दुसरा लॅपटॉप ठेवून पाहा, त्यालाही तीसच आले तर जागेचा दोष.

राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन बँड असतील तर ५ लाच चिकटून बसू नका. स्पीड जास्त, पण भिंती पार करताना दम लागतो. दोन भिंतींपलीकडे २.४ लावा. मनीषनगर-बेसाच्या फ्लॅटमध्ये २.४ वर शेजारपाजारचे सगळेच असतात, तिथे चॅनल १, ६ किंवा ११ यातलंच घ्या. रिकामं दिसते म्हणून ३ किंवा ९ घेणारे हुशार लोक दोन्हीकडून मार खातात.

यूएसबी ३ ची हार्डडिस्क किंवा पेन ड्राइव्ह लावला की नेट आणि वायरलेस माऊस दोन्ही अडखळत असतील तर ती डिस्क २.४ च्या सिग्नलमध्ये गोंगाट करून राहिली. इंटेलनं २०१२ मध्येच हे लिहून ठेवलं आहे. लांब वायर लावून डिस्क दूर ठेवा, नाहीतर वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या.

बॅटरीवरच सिग्नल पडत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायची वीज वाचवायची टिक काढा.

ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरूनच. एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट करून देणारी सॉफ्टवेअरं कृपा करून नको.

राउटरमागे ॲल्युमिनियमची पन्नी लावायचे व्हिडिओ पाहून मला फोन करू नका, एका बाजूला वाढलं तर दुसऱ्या बाजूचं गेलं.

आणि रिपीटर घेतलाच असेल तर जिथे सिग्नल मेला आहे त्या खोलीत लावू नका, तो तरी कुठून आणेल. अर्ध्या वाटेवर लावा. स्वस्तातला एकाच बँडवाला असेल तर स्पीड साधारण अर्धा होणार हे धरून चला. वरच्या मजल्यासाठी मी तर कधीच रिपीटर सांगत नाही, लॅनची वायर १०० मीटरपर्यंत आरामात जाते, टोकाला कपाटात पडलेला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट (वायरीवरून आलेलं नेट फक्त वायफायवर देणारा डबा) करून लावा, फक्त त्याचं डीएचसीपी, म्हणजे मोबाइल-लॅपटॉपला नेटवर्कचा पत्ता वाटायचं काम, बंद करायला विसरू नका, नाहीतर दोन्ही राउटर भांडतील आणि तुम्ही परत मला फोन कराल.