छोट्या व्यवसायासाठी लिहायला लागताय? मग ‘तुमची स्टोरी सांगा’ म्हणू नका

कंटेंट रायटिंगचं बेसिक तुम्हाला माहितीय असं धरून चालतो. छोट्या व्यवसायांसाठी लिहिताना घोळ होतो तो पहिल्याच प्रश्नात, आणि मी त्यात बराच काळ अडकून होतो म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

‘तुमची स्टोरी सांगा ना’ असं विचारलं की समोरचा माणूस एकदम सावरून बसतो, आवाज बदलतो आणि मग दर्जेदार सेवा, ग्राहकांचं समाधान हेच आमचं ध्येय वगैरे सुरू होतं. तो खोटं बोलत नसतो हो, त्याला वाटतं छापून येणार म्हणजे असंच बोलायचं असतं. तुम्ही ते जसंच्या तसं उतरवता आणि मग ते पान शिवणकामाचंही वाटतं, पंपदुरुस्तीचंही. म्हणून स्टोरी मागूच नका, काम विचारा. कुठल्या ऑर्डरला नाही म्हणता? गिऱ्हाईक कशावरून वाद घालतं? शिवणकाम करणाऱ्या एका ताईंना मी एवढंच विचारलं की कापड हातात आल्यावर पहिलं काय करता, तर म्हणाल्या, ‘आधी पाण्यातून काढते, मगच कात्री लावते. शिवल्यावर आटलं तर बोलणी मलाच बसणार ना.’ झालं, हेच वाक्य सगळ्यात वर! त्याचं ‘गुणवत्तेशी तडजोड नाही’ केलंत की ताई गेल्याच त्यातून.

रेकॉर्डिंग विचारूनच करा आणि ऐकून स्वतः टाइप करा, टूलने काढलेल्या समरीतून नेमकी अशीच वाक्यं गळतात. ‘स्ट्रगलपासून सुरुवात करा’ सांगणाऱ्या मेंटॉर लोकांचं मला कधीच पटलं नाही, ज्याला आपलं कर्ज, आजारपण जगाला सांगायचं नाही त्याला भरीला पाडू नका. आणि माणूस एकटाच काम करत असेल तर ‘आमची टीम’ कशाला, सरळ ‘मी’ लिहा.

जागेचं टेन्शन नको. इन्स्टाग्राम बायोला 150 कॅरेक्टर मिळतात, गुगल बिझनेस प्रोफाइलच्या वर्णनाला 750. देवनागरीत काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात त्यामुळे बायो पटकन भरतो, पण ताईंचं पहिलं वाक्य त्यातही आरामात बसतं.

ड्राफ्ट बघून मालक ‘जरा भारी करा की’ म्हणणारच. घाबरू नका, वादही घालू नका. त्यांनाच तो मोठ्याने वाचायला सांगा, जिथे अडखळतील किंवा ‘मी असं बोलत नाही’ म्हणतील तिथे खूण करा आणि तेवढंच बदला.